विश्लेषण : विस्मृतीत गेलेल्या राजांचा कवी... कवाफींची अवघड कविता वाचकांपर्यंत कशी पोहोचली?

हयातीत ज्यांचे एकही पुस्तक दुकानात विक्रीला आले नाही, ज्यांच्या कवितेतले अनेक राजे इतिहासाच्या प्राध्यापकांनाही चटकन आठवत नाहीत, ते ग्रीक कवी कॉन्स्टन्टिन कवाफी आज जगातील बहुतेक मोठ्या भाषांत वाचले जातात. अलेक्झांड्रियातील पाटबंधारे खात्यात तीस वर्षे कारकुनी करणाऱ्या या कवीची अथेन्समध्ये टिंगल झाली, विडंबने छापली गेली. कविता नव्हे, ही तर जुन्या काळाची बातमीदारी, असा शेरा त्या काळच्या सर्वांत मोठ्या ग्रीक कवीने मारला. मग असे काय घडले, की त्याच कविता पुढे अंत्ययात्रेत वाचल्या गेल्या आणि बसच्या काचांवरही झळकल्या?

कवाफी कोण होते?

कवाफी यांचा जन्म २९ एप्रिल १८६३ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात झाला. वडील पीटर-जॉन कवाफी हे कापूस आणि धान्याचे बडे व्यापारी. लिव्हरपूल, लंडन, अलेक्झांड्रिया अशा ठिकाणी कुटुंबाच्या पेढ्या होत्या. काळही तेजीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा पैसा इजिप्त आणि हिंदुस्थानकडे वळला. ज्या तेजीने मुंबईत शेअरचा सट्टा पेटवला, त्याच तेजीत अलेक्झांड्रियातही हवेल्या उभ्या राहिल्या. कवाफींच्या घरी नोकरचाकर होते, घोडागाडी होती. सात भावांत कॉन्स्टन्टिन सर्वांत धाकटे.

ही श्रीमंती त्यांच्या वाट्याला जेमतेम सात वर्षे आली. १८७० मध्ये वडील वारले. आई हारिक्लिया मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. नवव्या-दहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत कवाफी तिथे वाढले. इंग्रजी इतकी पक्की झाली, की सुरुवातीच्या काही कविता त्यांनी इंग्रजीतच लिहिल्या. पुढेही त्यांच्या ग्रीक बोलण्यात इंग्रजी हेल जाणवत असे, असे ओळखीचे लोक सांगत. थोरल्या भावांना पेढी सांभाळता आली नाही. धंदा बुडाला आणि कुटुंब अलेक्झांड्रियात परतले, ते बेताच्या परिस्थितीत.

पुढचा धक्का १८८२ चा. इजिप्तमधील उठाव मोडण्यासाठी ब्रिटिश आरमाराने ११ जुलैला अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. कवाफी कुटुंब त्याआधीच कॉन्स्टँटिनोपलला, आजोळी निघून गेले होते. मागे राहिलेले घर जळाले. तीन वर्षांनी, १८८५ मध्ये ते परतले आणि त्यानंतर कवाफींनी हे शहर फारसे सोडले नाही. बुडालेली पेढी, जळालेले घर आणि एके काळी जगाची राजधानी असलेले पण आता परक्यांच्या हुकमतीखालचे शहर हे सगळे वयाच्या पंचविशीच्या आतच त्यांनी पाहिले होते. पुढे त्यांनी अथेन्सचे सुवर्णयुग सोडून ऱ्हासाच्या काळातले राजे का निवडले, याचे अर्धे उत्तर इथे सापडते.

पाटबंधारे खात्यात कवी काय करत होता?

१८९२ पासून १९२२ पर्यंत कवाफी पाटबंधारे खात्याच्या अलेक्झांड्रिया कचेरीत नोकरीला होते. वरिष्ठ ब्रिटिश, पत्रव्यवहार इंग्रजीत, त्यामुळे चांगले इंग्रजी जाणणारा कारकून सोयीचा होता. पण कवाफींनी ग्रीक नागरिकत्व घेतले होते. त्यामुळे खात्यात कायम होण्याचा प्रश्नच नव्हता. तीस वर्षे ते कागदोपत्री हंगामीच राहिले. जोडीला शेअर बाजारात थोडीफार उलाढाल करत. दुपारी कचेरी सुटली की उरलेला दिवस वाचनाचा, कॅफेचा आणि कवितेचा.

आई १८९९ मध्ये गेली. १९०७ पासून ते लेप्सियस रस्त्यावरच्या वरच्या मजल्यावरील घरात राहू लागले. पहिल्या वर्षी भाऊ पॉल सोबत होता, नंतर ते एकटेच. घरात वीज नव्हती. दिवे आणि मेणबत्त्यांच्या उजेडात पाहुण्यांचे स्वागत होई. खाली वेश्यावस्ती, जवळच ग्रीक चर्च, जवळच ग्रीक रुग्णालय. शरीराची भूक, पापाची क्षमा आणि मरणाची सोय, सगळे हाताशी आहे, असा विनोद ते स्वतःच करत. पुढे शेवटचा श्वास त्यांनी त्याच रुग्णालयात घेतला.

कविता छापायच्या, पण विकायच्या नाहीत?

कवाफींची ही पद्धत आजच्या लेखकाला बुचकळ्यात टाकेल. १९०४ मध्ये त्यांनी १४ कवितांची एक छोटी पुस्तिका खासगीरीत्या छापली. १९१० मध्ये तीच वाढवून २१ कवितांची केली. त्यानंतर पुस्तक नाहीच. एक कविता पूर्ण झाली, की ती सुट्या पानावर छापायची. अशी पाने एकत्र टाचून त्यांच्या जुड्या करायच्या आणि निवडक माणसांना द्यायच्या. कोणाला कोणती जुडी दिली, याच्या याद्या ते काटेकोरपणे ठेवत. एखादा शब्द बदलावासा वाटला, तर दिलेल्या प्रतीतही हाताने दुरुस्ती करत किंवा जुने पान काढून नवे घालत.

याला विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता येईल. पण त्यात हिशेबही होता. आपली कविता कोणाच्या हातात जाते, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. आजच्या भाषेत सांगायचे तर हा माणूस पुस्तक न काढता स्वतःचा वाचकवर्ग एकेक नाव जोडून तयार करत होता. १९१८ मध्ये अलेको सेंगोपूलोस या तरुण मित्राने त्यांच्या कवितेवर एक व्याख्यान दिले. त्या व्याख्यानाचा मजकूर बहुतांशी कवाफींनीच लिहून दिला होता, असे अभ्यासक मानतात. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःबद्दलच तिऱ्हाइताच्या भाषेत एक टिपण लिहिले आणि त्यात स्वतःला पुढच्या पिढ्यांचा कवी ठरवून टाकले. नम्रता त्यांच्या स्वभावात नव्हती. अंदाज मात्र अचूक निघाला.

इतिहासातून त्यांनी नेमके काय उचलले?

ग्रीक इतिहास म्हटले की मॅरेथॉन, पेरिक्लीस, सॉक्रेटिस, अलेक्झांडर ही नावे येतात. कवाफींनी यातले जवळपास सगळे बाजूला ठेवले. त्यांचा मुक्काम अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरच्या शतकांत, म्हणजे सिरिया, इजिप्त आणि आशिया मायनरमधल्या ग्रीक राज्यांत आणि पुढे रोमन व बायझँटाइन काळात होता. रोमच्या मर्जीवर गादी टिकवणारे राजपुत्र, दरबारातले लाचार कवी, दोन धर्मांच्या सीमेवर अडकलेले तरुण ही त्यांची माणसे. प्लुटार्क, पॉलिबियस, बायझँटाइन बखरकार हे त्यांचे रोजचे वाचन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा गिबनचा ग्रंथ त्यांनी समासात टिपा लिहीत, ठिकठिकाणी वाद घालत वाचला.

१९१८ ची ‘सिझेरियन’ ही कविता तर त्यांच्या कामाची पद्धतच उघड करते. कवी रात्री टॉलेमी राजांच्या शिलालेखांचा संग्रह चाळत बसला आहे. सगळे राजे सारखेच थोर, सारखेच उदार. कोरीव स्तुतीला कंटाळून तो पुस्तक मिटणार, तेवढ्यात क्लिओपात्रा आणि ज्युलियस सीझरच्या मुलाचा एक लहानसा उल्लेख दिसतो. इतिहासाने या मुलाला ओळी-दोन ओळींहून जास्त जागा दिलेली नाही. सतराव्या वर्षी ऑक्टेव्हियनने त्याला मारले. माहिती कमी म्हणूनच कवीला मोकळीक मिळते आणि अर्ध्या अंधारात तो मुलगा खोलीत येऊन उभा राहतो. ज्या माणसाबद्दल ग्रंथ गप्प आहेत, तिथे कवाफी लिहायला बसत.

कधी ते माणूसच बनवत. ‘दारियस’ (१९२०) या कवितेतला फर्नाझेस हा कवी काल्पनिक आहे, पण त्याचा राजा मिथ्रिदातेस खरा आहे. फर्नाझेस राजाचा पूर्वज दारियस याच्यावर महाकाव्य लिहितो आहे. गादी मिळवताना दारियसच्या मनात नेमके काय असेल? गर्व, की सत्तेची धुंदी? तो विचारात पडलेला असतानाच रोमशी युद्ध सुरू झाल्याची बातमी येते. कवी हबकतो. आता राजा ग्रीक कविता कधी वाचणार? टीकाकारांची तोंडे बंद करण्याची संधी गेली! मग खरी भीती शिरते. शहराची तटबंदी टिकेल का? आणि त्या सगळ्या गोंधळातही डोक्यात तोच प्रश्न घोळत राहतो, गर्व की धुंदी. जुन्या राजांवर कविता लिहिणाऱ्या कवीची याहून चांगली थट्टा कोणी केली नसेल. ती करणारा स्वतः तसाच कवी होता.

तारखेत काय दडले आहे?

कवाफींच्या अनेक कवितांच्या शीर्षकात किंवा शेवटी एखादे साल येते. वाचकांची पहिली तक्रार याच सालांबद्दल असते. इतिहासाची परीक्षा द्यायची आहे का?

१९३१ ची एक कविता पाहू. तिचे शीर्षकच इ.स.पूर्व २०० हे साल आहे. बोलणारा एक ग्रीक आहे. अलेक्झांडरने ग्रॅनिकसच्या विजयानंतर अथेन्सला ३०० चिलखते पाठवली. सोबतच्या लेखात ही भेट अलेक्झांडर आणि स्पार्टा वगळता सर्व ग्रीकांची आहे, असे कोरले होते. हा माणूस त्यावरून स्पार्टाची खिल्ली उडवतो आणि मग आपल्या पसरलेल्या ग्रीक जगाचा गौरव सांगतो. आपली भाषा बॅक्ट्रियापर्यंत, हिंदी लोकांपर्यंत पोहोचली, याचा त्याला अभिमान आहे. कविता संपते. पराभवाबद्दल एक शब्द नाही.

पण इ.स.पूर्व १९७ मध्ये रोमने मॅसिडोनियाचा कणा मोडला. पुढच्या काही वर्षांत सिरियाच्या ग्रीक साम्राज्याचीही तीच गत झाली. बोलणाऱ्याला हे माहीत नाही, वाचकाला आहे. मराठी वाचकाने अशी कल्पना करावी : १७५८ मध्ये अटकेपर्यंत धडक मारून आलेला एखादा सरदार पुढच्या वर्षी पुण्यात बसून आपल्या पराक्रमाचे वर्णन करतो आहे आणि कवितेचे शीर्षक फक्त ‘१७५९’ इतकेच आहे. पानिपतचे नाव काढायची गरज आहे का? आपल्याला १४ जानेवारी १७६१ ही तारीख ठाऊक असते, म्हणून त्या सरदाराचे प्रत्येक वाक्य वेगळे ऐकू येते. ग्रीक वाचकासाठी कवाफींची साले हेच काम करतात. ती विद्वत्तेचे प्रदर्शन नाहीत. कवितेचा उरलेला अर्धा भाग तिथे ठेवलेला असतो.

अर्थात, परक्या वाचकाला हा अर्धा भाग टिपेतूनच मिळतो आणि टीप वाचून झालेला चटका पहिल्या चटक्याइतका तीव्र नसतो, हेही खरे. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ (२००३) वाचताना मराठी वाचकाने हा अनुभव घेतला आहे. इसिस, कॅसांड्रा, आणि कवाफींच्याच गावची हिपेशिया, या कोण, हे शोधण्यासाठी अनेकांना पुस्तक मध्येच बाजूला ठेवावे लागले. काहींनी ते परत उचलले नाही.

अथेन्सला राग कशाचा होता?

१९०३ मध्ये कादंबरीकार ग्रिगोरिओस झेनोपूलोस यांनी अथेन्सच्या एका नियतकालिकात कवाफींवर लेख लिहून त्यांची ओळख करून दिली. ते कौतुक अपवादच ठरले. अथेन्समध्ये तेव्हा कोस्तिस पालामास यांचे राज्य होते. ऑलिम्पिक गीताचे शब्द त्यांचेच. देशाला स्फुरण देणारी, लोकभाषेत लिहिलेली, ओजस्वी कविता हा त्यांचा आदर्श. कवाफींची कविता त्यांना शतकांची बातमीदारी वाटली, हे वर आलेच.

वाद भाषेचाही होता. ग्रीसमध्ये शुद्ध, जुन्या वळणाची भाषा विरुद्ध बोलीभाषा हा झगडा इतका पेटलेला होता, की १९०१ मध्ये बायबलमधील शुभवर्तमानांच्या बोलीभाषेतील भाषांतरावरून अथेन्सच्या रस्त्यांवर दंगल झाली आणि आठ माणसे मेली. कवाफी दोन्ही भाषा एकाच कवितेत मिसळत. एकाच वाक्यात सरकारी अर्जातला शब्द आणि बाजारातला शब्द! त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना ते आपले वाटले नाहीत.

तिसरे कारण उघड बोलले जात नसे, पण सगळ्यांना माहीत होते. कवाफी समलिंगी होते आणि त्यांच्या प्रेमकवितांत १९१० नंतर आडपडदा कमी होत गेला. इथेही प्राचीन काळ त्यांच्या मदतीला आला. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियातील तरुणाच्या थडग्यावरचा लेख म्हणून जे लिहिता येत होते, ते समकालीन माणसाच्या नावाने लिहिणे धोक्याचे होते. पण मुखवटा एवढेच त्याचे मोल नाही. ‘मायरिस’ (१९२९) या कवितेचा काळ इ.स. ३४०. मित्राच्या मृत्यूची बातमी ऐकून एक तरुण त्याच्या घरी जातो. मित्र ख्रिस्ती, हा जुन्या देवांना मानणारा. घरात प्रार्थना चालू आहेत, म्हाताऱ्या बायका हलक्या आवाजात मृताच्या श्रद्धेबद्दल बोलत आहेत, आणि याला हळूहळू जाणवते, की आपण इथे परके आहोत. कदाचित मित्राच्या आयुष्यातही परकेच होतो. आठवण तरी शाबूत राहावी म्हणून तो घराबाहेर धावतो. धर्माची भिंत मैत्रीच्या मधून कशी जाते, हे समजायला चौथे शतक माहीत असण्याची गरज नाही.

१९२२ मध्ये असे काय झाले?

कवाफींच्या वाचनाचा इतिहास एका कवितेमुळे बदलला, असे म्हणता येईल. फेब्रुवारी १९२२ मध्ये त्यांनी अखायन संघासाठी लढून मेलेल्यांवर एक छोटी कविता लिहिली. संदर्भ इ.स.पूर्व १४६ चा : रोमने या संघाचा पराभव केला, कॉरिंथ जाळले आणि ग्रीसचे स्वातंत्र्य संपले. कविता मृतांना सांगते, की सेनापती चुकले असतील, दोष तुमचा नाही. ग्रीकांना आपल्या वंशाची थोरवी सांगायची असेल तेव्हा ते तुमचे नाव घेतील. इथपर्यंत ही कोणत्याही शालेय पुस्तकात शोभणारी कविता आहे. पण खाली दोन ओळींची पुस्ती आहे. हे सगळे अलेक्झांड्रियातल्या एका अखायन माणसाने लॅथिरस टॉलेमीच्या सातव्या वर्षी लिहिले, असे ती सांगते.

ही पुस्ती अनेकांना पांडित्याची हौस वाटली. लॅथिरस हा नालायक म्हणून ओळखला गेलेला राजा. त्याचे सातवे वर्ष म्हणजे पराभवानंतर पस्तीसहून अधिक वर्षे. म्हणजे बोलणारा परमुलखात राहतो आहे, स्वदेश उरलेला नाही, भोवतीचे राज्यही मोडकळीला आले आहे, आणि तो अजून त्या मेलेल्यांची बाजू मांडतो आहे.

कविता लिहिल्यानंतर सात महिन्यांनी, सप्टेंबर १९२२ मध्ये, ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये कोसळले आणि स्मिर्ना शहर जळाले. दहा लाखांहून अधिक ग्रीक निर्वासित झाले. सेनापती चुकले, राज्यकर्ते चुकले, आणि मेले ते साधे शिपाई. आता ती पुस्ती कोणाला पांडित्य वाटेना.

योर्गोस सेफेरिस हे पुढे नोबेल मिळवणारे कवी स्मिर्ना परिसरातलेच. १९४१ मध्ये जर्मनांनी ग्रीस घेतल्यावर हद्दपार सरकारच्या नोकरीत ते इजिप्तला आले. कवाफींवरच्या आपल्या निबंधात त्यांनी याच कवितेवर आणि तिच्या तारखेवर भर दिला. अलेक्झांड्रियात बसलेला, देश गमावलेला ग्रीक माणूस ही आता त्यांची स्वतःची स्थिती होती.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९२६ मध्ये ग्रीक सरकारने कवाफींना ‘फिनिक्स’ हा सन्मान दिला. सरकार हुकूमशहा पांगालोस यांचे असल्याने तो परत करावा, असा मित्रांचा आग्रह होता. सन्मान राष्ट्राने दिला आहे, असे म्हणत कवाफींनी तो ठेवून घेतला. १९३२ मध्ये घशाचा कर्करोग निघाला. उपचारासाठी ते अथेन्सला गेले. श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. गप्पांसाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस शेवटचे महिने चिठ्ठ्या लिहून बोलत होता. २९ एप्रिल १९३३ रोजी, सत्तराव्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. शेवटच्या कागदावर त्यांनी एक वर्तुळ काढून मधोमध ठिपका दिला, असे सांगतात. अर्थ लावणाऱ्यांची त्यानंतर कमतरता पडली नाही.

मग जगाने त्यांना कसे वाचले?

श्रेय बरेचसे ई. एम. फॉर्स्टर यांचे. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसच्या कामासाठी हे इंग्रज कादंबरीकार अलेक्झांड्रियात होते. तिथे कवाफींशी मैत्री झाली. १९२१ मध्ये फॉर्स्टर मध्य हिंदुस्थानातील देवास थोरली पाती या मराठा संस्थानात तुकोजीराव पवार महाराजांचे खासगी सचिव म्हणून आले. देवासच्या अनुभवावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले आणि कवाफींची बाजूही सोडली नाही. १९२३ च्या त्यांच्या अलेक्झांड्रियावरील पुस्तकात कवाफींवर लेख आहे. १९२४ मध्ये टी. एस. एलियट यांच्या ‘क्रायटेरियन’ त्रैमासिकात ‘इथाका’चे इंग्रजी भाषांतर आले.

ग्रीकमध्ये पहिला संग्रह मृत्यूनंतर, १९३५ मध्ये निघाला. संपादन रिका सेंगोपूलू यांचे. कविता एकूण १५४. आयुष्यभराचे मान्य केलेले काम एवढेच. इंग्रजीत १९५१ आणि १९६१ मध्ये संग्रह आले, दुसऱ्याला डब्ल्यू. एच. ऑडेन यांची प्रस्तावना होती. ग्रीक न येणाऱ्या ऑडेन यांनी आपल्या कवितेवर कवाफींचे ऋण असल्याचे त्यात मान्य केले. हे कसे शक्य झाले? कवाफींचा मजकूर अवघड असला तरी सांगणे साधे आहे. उपमा जवळपास नाहीत, अलंकार कमी, वाक्ये सरळ. त्यामुळे नाद हरवला तरी माणूस आणि प्रसंग भाषांतरात टिकतो.

सर्वाधिक पसरली ती ‘इथाका’. ओडिसियसचा परतीचा प्रवास माहीत असला की पुरते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्या अंत्यविधीत ती वाचली गेली आणि ज्यांनी कवाफींचे नावही ऐकले नव्हते, ते पुस्तकाच्या शोधात निघाले. ‘रानटी लोकांची वाट पाहताना’ या कवितेचे शीर्षक जे. एम. कुट्सी यांनी १९८० च्या कादंबरीला घेतले. पण या दोन कवितांवर थांबणाऱ्या वाचकाला एक सौम्य, समजूतदार कवी भेटतो. तिरकस, निर्दय, हसरा कवाफी सालांच्या कवितांत आहे.

संदर्भ सुटला की काय होते, याचा नमुना खुद्द अथेन्सने पाहिला. कवाफींच्या जन्माला १५० वर्षे झाली म्हणून २०१३ मध्ये ओनासिस प्रतिष्ठानने बस आणि इतर सार्वजनिक वाहनांवर त्यांच्या ओळी लावल्या. त्यातल्या एका ओळीवरून वाद पेटला. कवाफी त्या कवितेत घाई करू नये असे म्हणणाऱ्या एका संधिसाधू नागरिकाची फिरकी घेतात. त्यातला मूळ शब्द तिथे घाई या अर्थाने येतो. आजच्या ग्रीकमध्ये तोच शब्द हिंसेसाठी वापरतात. आर्थिक संकट, मोर्चे, अश्रुधूर असे दिवस होते. बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाने ती ओळ हिंसेपासून दूर राहा, असा सरकारी उपदेश म्हणून वाचली. उपरोधाने लिहिलेली ओळ फलकावर जाऊन सुविचार झाली. सुट्या ओळी फॉरवर्ड करणाऱ्या आजच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल.

आणि भारताचे काय?

कवाफींनी बऱ्याच कविता छापल्या नाहीत, पण फाडल्याही नाहीत. अभ्यासक साव्हिडिस यांनी त्या १९६८ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात १९२० ची एक कविता भारतीय लिपीतील अक्षरे असलेल्या नाण्यांवर आहे. ही नाणी वायव्येकडील हिंदी-ग्रीक राजांची : हेर्मायोस, युक्रतिदेस, स्ट्रॅटो आणि मेनँडर. यातला मेनँडर म्हणजे ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा मिलिंद राजा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्याचे नाव मिळाले, तो हाच. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत.

या राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर असे. कवितेत एक ग्रीक माणूस विद्वानाच्या पुस्तकात ही प्राकृत रूपे वाचतो. शेवटी षष्ठीचा ‘स’ लागलेली, मेनंद्रस वगैरे नावे त्याला परकी वाटतात. मग पुस्तक नाण्याची दुसरी बाजू दाखवते. तिथे तीच नावे ग्रीक अक्षरांत आहेत आणि तो एकदम थांबतो, हेलावतो. मराठी वाचकाच्या हातात तेच नाणे दिले, तर ओळखीची बाजू उलटी ठरेल. त्याला ग्रीक अक्षरे लागणार नाहीत, पण मागच्या बाजूचे ‘महारजस’ वाचून दाखवले, तर ते बहुधा टिपेशिवाय समजेल.